चित्राला ‘कदाचित्’ म्हणतां येत नाहीं

नाटक, कादंबरी किंवा चित्रपट यांचें परीक्षण मासिकांतून यावें, ही गोष्ट आतां कोणास नवी वाटत नाहीं. पण सुटीच्या दिवशीं मुलाबाळांना घेऊन पाहून आलेल्या एखाद्या स्थळाचें परीक्षण कोणी लिहूं लागला, तर वाचक किंचित् हंसतील. सहल ती सहल. तिचें कसलें परीक्षण? डबे उघडले, मुलें दमलीं, घरीं आलों, संपलें! आपलीं मुलें इतिहास अजूनहि पुस्तकांतूनच शिकत असतीं, तर हा आक्षेप मला मान्य झाला असता. तशी स्थिति आतां राहिलेली नाहीं. आजचा आठ-दहा वर्षांचा मुलगा शिवकाल आधीं पाहतो आणि मग, वाचलाच तर, वाचतो. जें काम पूर्वीं पोवाड्यानें, आजीच्या गोष्टीनें आणि चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकानें केलें, तें काम आतां प्रकाश, ध्वनि आणि हालत्या आकृति यांनीं घडविलेलीं दालनें करूं लागलीं आहेत. जो शिक्षकाचें काम करतो त्याची परीक्षाहि व्हावयास पाहिजे. म्हणून हें परीक्षण.

परदेशांत हा प्रकार जुना आहे. स्वीडनमध्यें आर्टूर हॅझेलियस या गृहस्थानें १८९१ सालीं स्टॉकहोम येथें स्कान्सेन नांवाचें उघड्यावरचें संग्रहालय सुरू केलें, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनीं घरें हलवून तेथें आणून मांडलीं. पुढें युरोपांत ठिकठिकाणीं मध्ययुगांतील किल्ले, बाजार आणि लढाया यांचे देखावे व खेळ होऊं लागले. कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें दिवस घालवूं लागलीं. आपल्याकडे या हौसेचें मूळ परदेशांत शोधावयास नको. ज्या मुलुखांतलीं मुलें दरवर्षीं दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे उभे करतात, त्या मुलुखाला इतिहासाचा देखावा मांडण्याची कला कोणीं शिकवावी? हीच हौस कै. बाबासाहेब पुरंदरे यांनीं मोठ्या प्रमाणावर पुरविली. राज्याभिषेकास तीनशें वर्षें झालीं तेव्हां, १९७४ सालीं, त्यांनीं मुंबईस शिवाजी पार्कवर ‘शिवसृष्टि’ उभारली. १९८५ पासून हत्ती-घोड्यांसह ‘जाणता राजा’ रंगभूमीवर आणला. आणि अखेरीस पुण्याच्या दक्षिणेस आंबेगांव बुद्रुक येथें सुमारें २१ एकरांत कायमची शिवसृष्टि वसविण्याचें मनांत घेतलें. १५ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते वारले. तिचा पहिला टप्पा, सरकारवाडा, १९ फेब्रुवारी २०२३ रोजीं केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्तें खुला झाला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही पांचजण बुधवार पेठेंतून तिकडे निघालों. माझी आई, मंडळी, तेरा वर्षांची कन्या, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि प्रस्तुत लेखक. आमचें बिऱ्हाड तांबड्या जोगेश्वरीच्या आसपास. पूर्वीं तेथें चौसोपी वाडा होता. आतां चार मजल्यांची इमारत आहे. वाड्याची एक कोरीव तुळई तेवढी बरींच वर्षें जिन्याखालीं पडून होती, तीहि पुढें कोणी नेली. आईच्या आग्रहावरून जोगेश्वरीचें दर्शन घेतलें, डबे बांधले, आणि स्वारगेटवरून कात्रजच्या वाटेला लागलों.

जें चांगलें आहे तें आधीं मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. जुन्या वाड्याच्या धर्तीची ती इमारत दुरून दिसली तेव्हांच मुलांची कुरकुर थांबली. आंत अंधारांतून गडकोट उजळत गेले, शस्त्रें पाहिलीं, आग्र्याहून सुटकेचा प्रसंग प्रकाश आणि ध्वनि यांच्या योगानें डोळ्यांपुढें उभा राहिला, सिंहासनाधिष्ठित महाराजांचें दर्शन झालें. गुडघ्यांच्या दुखण्यानें दोन पायऱ्यांनाहि नाराज असणारी माझी आई एका दालनांतून दुसऱ्या दालनांत आपण होऊन चालत गेली. सनावळीचा जिला मनस्वी तिटकारा, ती कन्या आपल्या पायांनीं चढलेले गड बोटांवर मोजूं लागली. शाळेंत जें वर्षभरांत साधत नाहीं तें येथें दोन-तीन तासांत साधतें. काळ जवळ येतो. हा गुण लहान नव्हे. इतिहासाची पहिली ओढ बहुधा डोळ्यांतून किंवा कानांतूनच लागते. तळटिपा वाचून कोणी इतिहासाच्या प्रेमांत पडल्याचें ऐकिवांत नाहीं. तेव्हां संशोधनाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं या मार्गाकडे पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. पुरंदरे हे स्वतः भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कागदपत्रांत वाढलेले गृहस्थ होते. ते कागदाकडून लोकांकडे गेले, तें कागदाला कंटाळून खास नव्हे.

मग खटकलें कोठें? खटकलें तें बाहेर आल्यावर. सावली पाहून आम्हीं डबे उघडले. थालिपिठाचा तुकडा मोडतां मोडतां मीं चिरंजीवांना सहज विचारलें, ‘काय रे, महाराज आग्र्याहून निसटले कसे?’

‘पेटाऱ्यांतून.’

‘कशावरून?’

सूर्य कोठें उगवतो असें विचारल्यासारखा तो माझ्याकडे पाहूं लागला. ‘कशावरून म्हणजे काय, बाबा? आत्तांच नाहीं का आपण पाहिलं!’

या उत्तरांतच माझ्या साऱ्या शंकेचें बीज आहे. पुस्तकांतली गोष्ट मुलगा ‘वाचली’ म्हणतो. आजीकडची ‘ऐकली’ म्हणतो. या दोन्ही शब्दांत दुसरा कोणीतरी मनुष्य आहे, लिहिणारा किंवा सांगणारा; आणि मनुष्य आहे म्हणून त्याला हटकावयास जागा आहे. ‘पाहिली’ म्हटल्यावर मध्यें कोणी उरतच नाहीं. ज्यानें तो देखावा रचला, वेष निवडले, चेहरे ठरविले, दोन हकीकतींतली एक घेतली आणि एक टाकली, तो पडद्याआड राहतो. आणि मुलाची अशी समजूत होते कीं, आपण सतराव्या शतकाला समक्ष भेटून आलों.

आग्र्याचीच गोष्ट घ्या. १२ मे १६६६ रोजीं महाराज औरंगजेबाच्या दरबारांत गेले, मानभंग सहन न होऊन तेथून उठले, पुढें चौकीपहाऱ्यांत पडले आणि १७ ऑगस्टला निसटले. येथवर वाद नाहीं. पेटाऱ्यांची हकीकत सभासदाच्या बखरींत आहे, मोगली लेखकांतहि आहे. पण सभासदानें लिहिलें तें घटनेला जवळजवळ तीस वर्षें लोटल्यावर, दूर जिंजीला. उलट, मिर्झा राजा जयसिंगाचा पुत्र रामसिंग याच्या पदरच्या माणसांनीं त्या दिवसांतच आग्र्याहून लिहिलेलीं राजस्थानी पत्रें जयपूरच्या दप्तरांत जपून राहिलीं होतीं. सर जदुनाथ सरकार व रघुवीर सिंह यांनीं संपादिलेलें त्यांचें इंग्रजी भाषांतर १९६३ सालीं प्रसिद्ध झालें. महाराज कसे दिसत, त्यांच्याविषयीं आग्र्यांत काय बोललें जाई, त्यांच्या निसटण्यानंतर रामसिंगावर बादशहाचा रोष कसा झाला, हें सारें त्यांत ताजें ताजें वाचावयास मिळतें. हा सर्व पुरावा एकत्र मांडून अभ्यासक पाहूं लागले, तेव्हां सुटका झाली यावर त्यांचें एकमत राहिलें. पण ती नेमकी कोणत्या रीतीनें, पेटाऱ्यांत बसून कीं वेष पालटून, यावर राहिलें नाहीं.

आतां देखावा रचणाऱ्यानें येथें काय करावें? लेखकाची सोय आहे. तो ‘कदाचित्’ लिहितो, ‘असें म्हणतात’ लिहितो, ‘एका मताप्रमाणें’ लिहितो आणि प्रामाणिक राहतो. देखावा रचणाऱ्याजवळ हे शब्द नाहींत. पेटारा दाखवावयाचा किंवा दाखवावयाचा नाहीं, एवढेंच त्याच्या हातीं. पेटारा अर्धवट दाखवितां येत नाहीं. चित्राला ‘कदाचित्’ म्हणतां येत नाहीं. हा कोणा एका संस्थेचा दोष नव्हे; त्या साधनाचा तो स्वभावच आहे. देखावा जितका उत्तम तितका हा स्वभाव बळावतो, कारण वाईट देखाव्यांत निदान रंगवलेला पडदा दिसून येतो.

या स्वभावाचे परिणाम आम्हां पुणेकरांनीं फार जवळून पाहिले आहेत. कसबा पेठेंतील मूळ लाल महाल केव्हांच नामशेष झाला. आज त्या नांवानें जी वास्तु आपण पाहतों ती महानगरपालिकेनें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत बांधली. तिच्या आवारांत जिजाबाई, बालशिवाजी आणि दादोजी कोंडदेव यांचें, पुण्याची भूमि सोन्याच्या नांगरानें नांगरण्याच्या प्रसंगाचें, शिल्प होतें. दादोजींचें महाराजांच्या शिक्षणाशीं नातें काय, यावरून वाद पेटला. आणि डिसेंबर २०१० मध्यें एका रात्रीं दादोजींचा पुतळा तेथून हलविण्यांत आला. त्यानंतर शहरांत किती वाग्युद्ध झालें तें वाचकांस आठवत असेल.

कोणाचें म्हणणें खरें याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. मला त्यांत दिसते ती गोष्ट निराळी. हा वाद ग्रंथांत चालला असता, तर एखादें विधान सौम्य झालें असतें, एखादी टीप वाढली असती, कोणी खंडन लिहिलें असतें, कोणी त्याचें उत्तर छापलें असतें. वाक्य दुरुस्त करतां येतें. पुतळा दुरुस्त करतां येत नाहीं. तो असतो किंवा नसतो. इतिहास जसजसा पुस्तकांतून उठून पुतळ्यांत आणि देखाव्यांत जाईल, तसतशी त्याच्याविषयींची सारी चर्चा ‘ठेवा’ आणि ‘काढा’ या दोन शब्दांवर येऊन थांबेल. ज्या समाजांत जातीजातींचे मानापमान या आकृतींशीं जखडले गेले आहेत, तेथें पुरावा तोलून पाहण्याची संवय मोडणें हा नुसता विद्वानांचा तोटा नव्हे. तीं मुलें उद्यां एकमेकांशेजारीं राहावयाचीं आहेत. ‘तुझ्या म्हणण्याला आधार काय?’ असें विचारतां न आलें, तर तीं दुसरें काय विचारतील, याची कल्पना करवत नाहीं.

आमच्या त्या जेवणाकडे परत वळूं. हें स्थळ १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशीं, उघडलें असें मीं कन्येला सांगत होतों. आई मध्येंच म्हणाली, ‘आमच्या वेळीं शिवजयंती वैशाखांत असे. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशीं.’

‘म्हणजे महाराज दोनदां जन्मले कीं काय, आजी?’ चिरंजीव.

सबंध दिवसांतला पहिला खरा प्रश्न तो होता, आणि तो कोणत्याहि दालनानें नव्हे, आजीच्या आठवणीनें काढला. त्याचें उत्तर देतांना मला जी गोष्ट सांगावी लागली ती पेटाऱ्यांच्या गोष्टीपेक्षां कमी रसाळ नाहीं. शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ चा एप्रिल, ही महाराजांची जन्मतिथि पूर्वीं बखरींच्या आधारें मानली जाई. लोकमान्य टिळकांनीं १८९६ सालीं रायगडावर जो उत्सव केला आणि जो पुढें महाराष्ट्रभर पसरला, तो वैशाखांतला. पुढें कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरांतील एक शकावली लोकमान्यांच्या हातीं आली. तींत जन्मतिथि निराळी. शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. लोकमान्यांनीं तो कागद दडविला नाहीं. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें १९१६ सालीं त्यांनीं तो स्वतः प्रसिद्ध केला. पुढें सदाशिव महादेव दिवेकर यांनीं उजेडांत आणलेलें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ १९२७ सालीं छापून निघालें, त्यांतहि तीच फाल्गुनांतली तिथि निघाली. वाद पुष्कळ वर्षें चालला. अखेरीस शासनानेंहि १९ फेब्रुवारी ही तारीख धरली.

ज्या पुरुषानें उत्सव घराघरांत नेला, त्यानेंच त्या उत्सवाची तिथि डळमळविणारा कागद आपल्या हातांनीं छापावा, हें महाराष्ट्राच्या इतिहासप्रेमाचें किती सुंदर चित्र आहे! आणि हें चित्र कोठेंहि दिव्यांनीं उजळावें लागत नाहीं.

‘मग आजी चुकली होती?’ चिरंजीवांनीं विचारलें.

‘आजी चुकली नव्हती रे,’ आईच म्हणाली, ‘आम्हांला तो कागद कोणी दाखवला नव्हता.’

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चार पैसे खर्चून, उन्हातान्हांतून, लेंकरें काखेला मारून आलेल्या माणसाला तुम्ही मोडी कागद दाखविणार काय? त्याला करमणूक पाहिजे. तिला कोणाची हरकत असणार? माझें म्हणणें एवढेंच कीं, पुरावा कंटाळवाणा असतो ही समजूत खोटी आहे. राज्याभिषेकाच्या वेळीं, ६ जून १६७४ रोजीं, हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर हजर होता, आणि त्यानें पाहिलेलें लिहून ठेविलें आहे. त्याच्या लिहिण्यांत इतर वैभव आहेच. पण दरवाजाशीं दोन लहान हत्ती आणि दोन उमदे घोडे उभे होते, हेंहि आहे, आणि असल्या बिकट वाटेनें हीं जनावरें वर आणलीं तरी कशीं, याचें त्याला वाटलेलें आश्चर्यहि आहे. साडेतीनशें वर्षांपूर्वींचा परका मनुष्य, आणि त्याचा प्रश्न नेमका नऊ वर्षांच्या मुलाचा! मीं ही हकीकत सांगतांच चिरंजीवांनीं हातांतला घांस खालीं ठेवला. ‘पाळण्यांत घालून दोरानें ओढले असतील,’ ही पहिली अटकळ. ‘दोर तुटेल,’ कन्येचा आक्षेप. ‘मग अगदीं पिलू असतांना चालवत नेले असतील आणि वर मोठे झाले असतील.’ ‘म्हणून तर तो त्यांना लहान म्हणतो!’ असा बराच वेळ शास्त्रार्थ चालला. ज्या मुलानें अर्ध्या घटकेपूर्वीं ‘पाहिलं’ म्हणून प्रश्न मिटविला होता, तोच आतां अटकळ, आक्षेप आणि आधार या तीन पायऱ्या चढत होता. तिचें नांव इतिहास हें त्याला ठाऊक नव्हतें इतकेंच.

फ्रान्समध्यें ब्रगंडी प्रांतांत गेदलाँ म्हणून एक ठिकाण आहे. तेथें १९९७ पासून तेराव्या शतकांतल्या रीतीचा एक किल्ला बांधणें चालूं आहे. जवळच्याच खाणीचा दगड, जवळच्याच रानाचें लाकूड, त्या काळचीं हत्यारें. आधुनिक यंत्राला मज्जाव. लोक तो किल्ला पाहावयास जातात म्हणण्यापेक्षां तो कसा होतो हें पाहावयास जातात. गवंडी, सुतार, लोहार काम करतां करतां विचारणारांस उत्तरें देतात, आणि जी गोष्ट पुस्तकांवरून उलगडत नव्हती ती पुष्कळदां हातांनीं करतांना उलगडते. येथें देखाव्याला ‘कदाचित्’ म्हणतां आलें आहे. कारण त्यांनीं उत्तर न मांडतां प्रश्न मांडला. आमच्या सह्याद्रींत चुन्याची घाणी कशी चाले, कातळांत टांकें कसें खोदीत, तोफ गडावर कशी चढवीत, हें करून दाखविण्याजोगें किती आहे! आंबेगांवचें काम टप्प्याटप्प्यानें वाढणारें असल्यामुळें ही सूचना अवेळींची ठरूं नये. आणि तेवढें न साधलें, तरी असल्या प्रत्येक स्थळीं बाहेर पडण्याच्या वाटेवर एक लहानसें दालन असावें आणि त्याच्या दारावर ‘कशावरून?’ एवढाच शब्द लिहावा. आंत जेधे शकावलीच्या एका पानाची मोठी प्रतिकृति व शेजारीं तिचें बाळबोध, ऑक्झिंडनचे हत्ती, आणि आग्र्याच्या सुटकेच्या दोन निरनिराळ्या हकीकती समोरासमोर. निवाडा कोणी देऊं नये. तो मुलांनीं घरीं जातांना वाटेंत करावा.

दुसरी एक उणीव कन्येनें काढली, आणि तीहि कोणा एका स्थळाची नसून या साऱ्या प्रकाराची आहे. परततांना ती म्हणाली, ‘एवढ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक कोण करायचं?’ मंडळी हंसल्या. पण तो हंसण्याचा प्रश्न नव्हता. देखाव्याचें मन लढाई, दरबार आणि सुटका यांकडे ओढतें. दळण, पाणी, सरपण, बाळंतपण यांकडे ओढत नाहीं. त्यासाठीं आम्हांला दूर जाण्याची जरूर नव्हती. शेजारच्याच शुक्रवार पेठेंत दिनकर केळकर, म्हणजे कवि ‘अज्ञातवासी’, यांनीं आपल्या अकालीं गेलेल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेलें संग्रहालय आहे. अडकित्ते, दिवे, दौती, खेळणीं, स्वयंपाकघरांतलीं भांडीं. ज्यांना कोणी बखरकार मिळाला नाहीं अशा माणसांच्या हातांत झिजलेल्या या वस्तु आहेत. तेथें काहीं हालत नाहीं, कोणी गर्जत नाहीं. पण एखाद्या अडकित्त्याची झिजलेली मूठ पाहिली कीं ती कोणाच्या हातांत होती हा विचार मनांतून जात नाहीं. पुढच्या रविवारीं मीं मुलांना तेथें नेलें. खरें सांगावयाचें तर चिरंजीव अर्ध्या तासांत कंटाळले. कन्या मात्र दिव्यांपुढून हलेना.

शेवटीं आमच्या पेठेविषयीं चार शब्द. कारण या सहलीनें मला जें खरें अस्वस्थ केलें तें आंबेगांवांत नव्हे, घरीं परत आल्यावर. १७०३ सालीं औरंगजेबाचा मुक्काम पुण्यास पडला असतां आमच्या या वस्तीला मुहियाबाद असें नांव मिळालें होतें. बुधवार हें नांव मागाहूनचें. ज्या बादशहाच्या कैदेंतून महाराज निसटले म्हणून आमच्या मुलांनीं टाळ्या पिटल्या, त्याच्याच छावणीच्या दिवसांतलें नांव त्यांच्या घराच्या पत्त्याखालीं दडलेलें आहे, आणि तें त्यांना ठाऊक नाहीं. पेशव्यांचा बुधवारवाडा १८७९ च्या आगींत गेला. तुळशीबाग व बेलबाग यांचीं देवळें भोवतालच्या बाजाराच्या गजबजाटांत अजून उभीं आहेत. आणि ज्या भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, तो याच पेठेंत होता. होता असें म्हणावयाचें, कारण डिसेंबर २०२३ मध्यें तो पाडण्यांत आला. तो मोडकळीस आला होता, आणि त्या जागीं राष्ट्रीय स्मारक व्हावें ही मागणी पुष्कळ वर्षांची. तिला नांव ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. पण वर्ष पाहा. ज्या २०२३ च्या फेब्रुवारींत शहराच्या एका टोंकाला जुन्या वाड्यासारखा नवा वाडा उघडला, त्याच २०२३ च्या डिसेंबरांत शहराच्या मध्यभागीं खरोखरचा जुना वाडा जमीनदोस्त झाला. एकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें मीं जाणतों. तरी ज्या समाजाला वाड्याची आठवण हवी आहे आणि वाडा राखणें जमत नाहीं, त्या समाजाचें हें वर्ष आहे असें म्हणावेंसें वाटतें. यांत आम्हीहि आलों. आमच्या जिन्याखालची ती तुळई गेली तेव्हां आम्हीं कोणीं विचारपूस केली होती?

तेव्हां आंबेगांवास अवश्य जावें; मुलांना न्यावें, आजींनाहि न्यावें. तेथें जें मिळतें तें दुसरीकडे सहसा मिळणार नाहीं. मात्र तेथें जें मिळत नाहीं तें घरच्या मंडळींनीं बरोबर न्यावें. डब्याबरोबर एक ‘कशावरून?’ बांधून घ्यावा. देखावा डोळे उघडतो; पण उघडलेले डोळे पुढें कोठें वळवावे हें त्याला सांगतां येत नाहीं. तें काम जेवतां जेवतां बापानें, आईनें आणि विशेषेंकरून आजीनें करावयाचें आहे.

यंदाच्या दिवाळींत चिरंजीवांनीं इमारतीच्या वाहनतळाच्या एका कोपऱ्यांत किल्ला केला. माती पोत्यांतून विकत आणावी लागली. अंगण राहिलें नाहीं. मावळे उभे राहिले, माथ्यावर महाराज बसले. दोन दिवसांनीं पाहतों तों दरवाजाच्या दोहों बाजूंस चिखलाचे दोन लहान हत्ती उभे आहेत, आणि खालून वर गेलेली वाट मोडून चांगली चार बोटें रुंद केलेली आहे. मीं विचारलें, ‘हें काय रे?’

‘पहिल्या वाटेवर हत्ती बसतच नव्हते, बाबा. म्हणजे रायगडाची वाट तरी रुंद असेल, नाहीं तर हत्ती तरी फारच लहान असतील.’ आणि जरा थांबून म्हणाला, ‘आपण जाऊन मोजूं या का?’